पाच दिवसांची शिल्लक

२००५ सालच्या डिसेंबरमधली गोष्ट. मी तेव्हा बँकेत होते. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता पेपर चाळायची माझी जुनी सवय. त्या दिवशी आतल्या पानावर एक बातमी होती. अटलांटिक महासागरात उष्ण पाणी उत्तरेकडे नेणारा जो प्रवाह आहे, तो गेल्या जवळजवळ पन्नास वर्षांत तीस टक्क्यांनी मंदावला आहे, असे इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी मोजून काढले होते. हा प्रवाह असाच मंदावत गेला तर पश्चिम युरोपात कडाक्याचे हिवाळे सुरू होतील, असेही खाली लिहिले होते. घरी आल्यावर मुलाच्या मदतीने इंटरनेटवर शोधले, तेव्हा या सगळ्या भाकिताच्या मुळाशी असलेले पाच आकडे सापडले: २२.९, १८.७, १९.४, १६.१ आणि १४.८. साले अनुक्रमे १९५७, १९८१, १९९२, १९९८ आणि २००४. मी कॅल्क्युलेटरवर पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातला फरक काढला तर तो पस्तीस टक्के आला. शास्त्रज्ञांनी सावधपणे तीस म्हटले होते.

त्यांचा सावधपणा मला आवडला. पण वीस-बावीस वर्षे खात्यांचे उतारे तपासण्यात घालवलेल्या माणसाला एक खोड लागते. कोणी शिल्लक दाखवली की तो आधी तारीख बघतो. सत्तेचाळीस वर्षांत फक्त पाच वेळा पासबुक भरून घेतलेल्या खातेदाराबद्दल मी छातीठोकपणे काही सांगू शकले असते का? ते पाच आकडे मी माझ्या डायरीत उतरवून ठेवले. पुढे बरीच वर्षे त्या आकड्यांचे काय झाले याचा मी माझ्या परीने माग ठेवला. तीच हकीकत आज सांगायची आहे.

आधी हा प्रवाह म्हणजे काय ते पाहू. मेक्सिकोच्या आखाताकडून आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून निघालेले उष्ण पाणी अटलांटिकच्या पृष्ठभागावरून उत्तरेला, थेट नॉर्वे-ग्रीनलंडच्या बाजूला जाते. वाटेत ते वाऱ्यांना आपली ऊब देत जाते, बाष्पीभवनाने थोडे अधिक खारट होते, आणि तिकडे पोहोचेपर्यंत गार होऊन इतके जड होते की खाली बुडते. दोन-तीन हजार मीटर खोलीवर गेलेले हे गार पाणी मग संथपणे दक्षिणेला परत येते. वर उत्तरेकडे, खाली दक्षिणेकडे, असा हा रहाट अखंड फिरत असतो. त्याचे माप स्वेरड्रुप या एककात सांगतात. हेराल्ड स्वेरड्रुप या नॉर्वेजियन सागरवैज्ञानिकाचे नाव त्याला दिले आहे. एक स्वेरड्रुप म्हणजे सेकंदाला दहा लाख घनमीटर पाणी. जगातल्या साऱ्या नद्या मिळून समुद्रात जेवढे पाणी ओततात ते जेमतेम एक-सव्वा स्वेरड्रुप भरेल. अटलांटिकच्या या रहाटातून सरासरी सतरा स्वेरड्रुप पाणी फिरते. आपल्याकडच्या मापाने सांगायचे तर १०५ टीएमसीचे कोयना धरण या प्रवाहाने तीन मिनिटांच्या आत काठोकाठ भरेल! आणि त्यासोबत जी उष्णता उत्तरेकडे जाते ती एक हजार मेगावॅटच्या सुमारे तेरा लाख वीजकेंद्रांइतकी आहे.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण वर्तमानपत्रे नेहमी गल्लत करतात. 'गल्फ स्ट्रीम थांबणार' असे मथळे मी अनेकदा वाचले आहेत. गल्फ स्ट्रीम हा मुख्यतः वाऱ्याने चालवलेला प्रवाह आहे. वारे वाहत आहेत आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते आहे तोवर तो वाहणारच. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून सुमारे बत्तीस स्वेरड्रुप पाणी जाते. त्यातले निम्म्याच्या आसपास वरच्या वर गोल फिरून परत येते. उरलेले जे उत्तरेला जाऊन बुडते आणि खालून परतते, त्याच्याविषयी काळजी आहे.

समुद्राच्या पोटात गार पाणी आहे हे माणसाला कळले त्याची हकीकत मोठी विचित्र आहे. १७५१ साली हेन्री एलिस नावाचा एक कप्तान आफ्रिकेच्या पश्चिमेला, साधारण २५ अंश उत्तर अक्षांशावर, आपल्या जहाजावरून एक झडपांची बादली दोरीने खोल सोडत होता. ही बादली त्याला स्टीफन हेल्स या पाद्री-वैज्ञानिकाने दिली होती. वरचे पाणी ८४ अंश फॅरनहाइट, तर सोळाशे मीटरवरून आलेले ५३ अंश! डोक्यावर उष्ण कटिबंधाचा सूर्य आणि खाली असे गार पाणी. त्या पाण्याने आंघोळ करता आली आणि मद्य थंड करता आले, याचाच त्याला मोठा आनंद झाला. हे जहाज गुलामांच्या व्यापारातले होते. कप्तानाचे मद्य गार करणारे पाणी त्याच जहाजावरच्या साखळदंडातल्या माणसांच्या वाट्याला कितपत येत असेल, हा विचार मनातून जात नाही. ते गार पाणी ध्रुवाकडून आले असले पाहिजे हे अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्डने सांगितले. एलिसने जिथे बादली सोडली त्याच अक्षांशाच्या आसपास अडीचशे वर्षांनी आपल्या कथेतले सारे नाट्य घडायचे होते.

आता प्रश्न असा, की एवढा प्रवाह मोजायचा कसा? बहामा बेटांपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत अटलांटिकची रुंदी सुमारे सहा हजार किलोमीटर. खोली पाच-सहा हजार मीटर. त्यात खालच्या पाण्याची चाल मुंगीच्या पावलांची, शिवाय जागोजागी भोवरे. प्रत्येक ठिकाणी वेगमापक बसवायचा म्हटले तर साऱ्या जगाचा खजिना पुरणार नाही.

यावरचा तोडगा स्कँडिनेव्हियातल्या मंडळींनी विसाव्या शतकाच्या आरंभीच काढून ठेवला होता. व्हिल्हेल्म ब्यर्कनेसच्या सिद्धांतावरून सँडस्ट्रॉम आणि हेलँड-हान्सेन या दोघांनी १९०३ मध्ये ही रीत मांडली. पाण्याचा वेग मोजूच नका. पाण्याची घनता मोजा, वेग आपोआप निघेल! ऐकायला जादू वाटते, पण आंघोळीची बादली आठवा. गार पाण्याच्या बादलीत वरून कढत पाणी ओतले आणि ढवळले नाही, तर वर चटका बसतो आणि तळाशी पाणी गारच राहते. उष्ण पाणी फुगून हलके झालेले असते, म्हणून ते वर तरंगते. तीच गोष्ट मिठाची: जास्त मीठ, जास्त जड पाणी. समुद्रात एका ठिकाणी तळापासून वरपर्यंत हलक्या पाण्याचा खांब आहे आणि दूर दुसऱ्या ठिकाणी जड पाण्याचा आहे अशी कल्पना करा. दोन्ही खांबांचे वजन सारखे असेल तर हलक्या पाण्याचा खांब थोडा उंच असणार. म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागाला उतार आला. अमेरिकेच्या पूर्वेला गल्फ स्ट्रीमच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत हा उतार चांगला मीटरभर भरतो.

उतार आहे तर पाणी उतारावरून घरंगळायला पाहिजे. पण पृथ्वी फिरते आहे, आणि त्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहणारी प्रत्येक गोष्ट उजवीकडे वळते. १८३५ साली गास्पार कोरिऑलिस या फ्रेंच गणितज्ञाने या परिणामाचे गणित मांडले. पाणी उतारावरून निघते, वळता वळता उताराला आडवे होते, आणि मग उताराच्या कडेकडेने वाहू लागते. देवाला प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो ना, तसे उत्तर गोलार्धातले पाणी समुद्राचा उंचवटा उजव्या हाताला ठेवून जाते. (दक्षिण गोलार्धात प्रदक्षिणा उलटी.) तेव्हा दोन ठिकाणची घनता तळापासून वरपर्यंत कळली, की त्या दोन ठिकाणांच्या मधून किती पाणी जाते याचा हिशेब करता येतो. मधल्या हजारो किलोमीटरमधले भोवरे, वळणे, गोंधळ यांच्याकडे पाहायचे कारणच उरत नाही.

ही रीत आपल्या दारातही वापरली गेली आहे. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोनापावलला आहे. तिथल्या डॉ. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यालगतच्या पाण्याचे तापमान आणि क्षारता ठिकठिकाणी मोजली. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर वारा साधारण उत्तरेकडून येतो, आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह मात्र वाऱ्याच्या तोंडावर केरळकडून उत्तरेला चाललेला असतो! याचे कारण घनतेत आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या नद्यांमुळे बंगालच्या उपसागराचे पाणी कमी खारट, म्हणून हलके. ते वळसा घालून आपल्या किनाऱ्याला येते, किनाऱ्याशी समुद्र किंचित उंच होतो, आणि उंचवटा उजव्या हाताला ठेवून प्रवाह उत्तरेला निघतो. पावसाळ्यात सगळे उलट. किनाऱ्याशी खालचे गार, जड पाणी वर येते, उंचवटा खोल समुद्राच्या बाजूला जातो आणि प्रवाह दक्षिणेकडे फिरतो. मालवणला समुद्राकडे पाहत बसणाऱ्याला यातले काही दिसत नाही. पण पाण्याच्या वजनात ते सारे लिहिलेले असते.

या रीतीत एक मोठी खोच आहे, आणि ती बँकेतल्या माणसाला लगेच उमगते. घनतेवरून वरचे पाणी खालच्या पाण्यापेक्षा किती जोरात चालले आहे एवढेच कळते, खालचे किती चालले आहे ते कळत नाही. म्हणजे दिवसाची उलाढाल सगळी हातात आहे, पण सुरुवातीची शिल्लक माहीत नाही. पूर्वी शास्त्रज्ञ अंदाजाने एखादी खोली धरत आणि तिथे पाणी निश्चल आहे असे मानून पुढे जात. अटलांटिकच्या बाबतीत त्यांना तेरीज जुळवण्याची सोय आहे. वरून जेवढे पाणी उत्तरेला गेले, जवळपास तेवढेच खालून परत आले पाहिजे, नाहीतर उत्तर अटलांटिक फुगत जाईल. जमा आणि नावे यांची बेरीज शून्य आली पाहिजे, या एका अटीवर सुरुवातीची शिल्लक काढता येते.

मोजमाप किती बारीक हवे ते सांगायलाच हवे. समुद्राचे पाणी घनमीटरला एक हजार पंचवीस किलोच्या पुढेमागे भरते. खोल पाण्यात वर्षावर्षांत होणारे फरक त्या हजार किलोंमागे काही ग्रॅमचे असतात, आणि सगळा हिशेब त्या काही ग्रॅमवर उभा असतो. जुन्या काळी तारेला ओळीने धातूच्या नळ्या लावून त्या खाली सोडत. नान्सेनच्या बाटल्या म्हणून त्या प्रसिद्ध होत्या. वरून तारेवर एक छोटे वजन सोडायचे. ते घसरत जाऊन पहिल्या बाटलीवर आपटे, बाटली उलटून बंद होई आणि आपल्याखालचे दुसरे वजन सोडून देई, ते पुढच्या बाटलीवर. बाटलीसोबत थर्मामीटरही उलटे होई आणि त्यातला पारा त्या खोलीवरच्या तापमानाला तुटून राही. वर आल्यावर प्रयोगशाळेत मिठाची परीक्षा. ती जगभर सारखी व्हावी म्हणून कोपनहेगनहून काचेच्या सीलबंद नळ्यांतून प्रमाणित समुद्राचे पाणी पाठवले जाई. सोनार जसा आपला काटा प्रमाणित वजनाशी ताडून पाहतो, तसे जगातल्या जहाजांवरचे रसायनशास्त्रज्ञ आपले हिशेब या पाण्याशी ताडून पाहत. डोलत्या जहाजावर, रात्री-अपरात्री, ओल्या हातांनी केलेल्या त्या नोंदी इतक्या चोख आहेत की आजही त्यांच्यावर विसंबता येते.

अशाच नोंदी १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये 'डिस्कव्हरी-२' या ब्रिटिश जहाजाने आफ्रिका ते अमेरिका अशी फेरी करून घेतल्या. ते आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होते. मग चोवीस वर्षे त्या रेषेवरून कोणी अशी फेरी केली नाही. १९८१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकन जहाज गेले, १९९२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्पॅनिश, १९९८ च्या हिवाळ्याअखेर पुन्हा अमेरिकन, आणि २००४ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश. साउदम्प्टनच्या हॅरी ब्रायडन, हॅना लाँगवर्थ आणि स्टुअर्ट कनिंगहॅम यांनी या पाच फेऱ्यांचे हिशेब एका पद्धतीने मांडले आणि 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. तीन ते पाच हजार मीटर खोलीवरून परतणारे पाणी निम्म्याने घटलेले दिसत होते. प्रत्येक आकड्यात सहा स्वेरड्रुपची चूक असू शकते हेही त्यांनी स्वच्छ लिहिले होते. पण मथळ्यात उण्याअधिकाला जागा नसते.

ही हकीकत पुढे नेण्याआधी माझी एक जुनी फजिती सांगते. १९९० च्या सुमारास मी उसाच्या पट्ट्यातल्या एका गावच्या शाखेत मॅनेजर म्हणून गेले. माझी पहिलीच स्वतंत्र शाखा. जूनमध्ये कार्यभार घेतला, ठेवींचा आकडा काढला आणि आधीच्या साहेबांनी फेब्रुवारीत पाठवलेल्या अहवालाशी ताडून पाहिला. ठेवी तिसऱ्या हिश्शाने घसरलेल्या! मी घाबरले. माझ्यावर बालंट येऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी वरिष्ठ कार्यालयाला सविस्तर पत्र लिहून पोस्टात टाकले. दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता हेडकॅशियरना सांगितले. त्यांची सारी नोकरी त्या परिसरात गेलेली. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, फेब्रुवारीत कारखान्याची ऊसबिलं जमा होतात. जूनमध्ये बियाणं, खतं, पोरांच्या फिया. हे दोन आकडे शेजारी ठेवून कसं चालेल? जूनशेजारी जून ठेवा." जूनशेजारी जून ठेवला तर ठेवी किंचित वाढलेल्या होत्या. पत्र मात्र गेले होते, आणि त्याचे उत्तर मला पुढे बरेच दिवस पुरले.

आता अटलांटिककडे वळू. २००५ ची ती बातमी येण्याआधीच याच मंडळींनी आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी एक मोठे काम सुरू केलेले होते. पाच फेऱ्यांवर भागणार नाही हे त्यांनाही कळत होते. २००४ च्या मार्चपासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर त्यांनी समुद्रात तारा उभ्या केल्या. तळाशी लोखंडाचे जड वजन, वरून ओढ धरणारे काचेचे पोकळ गोळे, आणि मधल्या तारेवर जागोजागी तापमान, क्षारता आणि दाब टिपणारी उपकरणे. बहामाजवळ काही तारा, आफ्रिकेच्या उतारावर काही, आणि मधल्या सागरी डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना काही. दर दीड वर्षाने जहाज जाऊन वरून आवाजाचा संकेत देते, तळाचा आकडा सुटतो, तार वर येते, नोंदी काढून घेतात आणि नवी तार सोडतात. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतले पाणी वेगळ्या युक्तीने मोजतात. तिथे समुद्रतळाशी टेलिफोनची एक तार होती. खारे पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहताना तारेत अगदी थोडा विजेचा दाब निर्माण होतो, आणि तो मोजला की वरून किती पाणी गेले ते कळते. १९८२ पासून या नोंदी आहेत. 'रॅपिड' या नावाने ओळखली जाणारी ही सारी व्यवस्था म्हणजे अटलांटिकची रोजकीर्दच.

पहिल्या वर्षाचा हिशेब २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. वर्षाची सरासरी १८.७ स्वेरड्रुप. पण त्या एका वर्षात प्रवाह ४.० इतका खाली गेला होता आणि ३४.९ इतका वर चढला होता! सत्तेचाळीस वर्षांतले ते पाचही आकडे एका वर्षाच्या चढउतारात सहज मावत होते.

तीन वर्षांनी त्याहून मार्मिक गोष्ट बाहेर आली. वर्षानुवर्षांच्या नोंदी जमल्यावर दिसले की या प्रवाहाला ऋतू आहेत. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत वाऱ्यांच्या बदलामुळे पाण्याची घनता ऋतूप्रमाणे बदलते, आणि त्यामुळे प्रवाह वसंतात सर्वांत कमी आणि शरदात सर्वांत जास्त असतो. दोन्हींतला फरक सुमारे ६.७ स्वेरड्रुप. आता तारखा पाहा. १९५७ ची फेरी ऑक्टोबरमध्ये, २००४ ची एप्रिलमध्ये. पहिली भरतीच्या महिन्यात, शेवटची ओहोटीच्या. ऋतूचा हिस्सा वजा केल्यावर त्या घसरणीतली बरीचशी घसरण विरून गेली. हे सांगणाऱ्या २०१० च्या लेखावर लेखकांच्या यादीत हॅरी ब्रायडन यांचेही नाव आहे. आपणच वाजवलेली घंटा आपणच हाताने थांबवायची, हे मला त्या साऱ्या प्रकरणात फार मोठे वाटले. बँकेत असताना चुकीच्या नोंदीची उलट नोंद स्वतःच्या सहीने करणारे अधिकारी मी फारसे पाहिले नाहीत.

म्हणजे सगळे आलबेल आहे असे समजून कोणी पान उलटू नये. २००९-१० मध्ये प्रवाह तीस टक्क्यांनी खाली गेला आणि जवळजवळ वर्षभर तसाच राहिला. त्या काळात न्यूयॉर्कच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर समुद्र सुमारे दहा सेंटिमीटर चढला. प्रवाह मंदावला की त्याचा उतारही सपाट होतो, आणि किनाऱ्याशी खाली दबलेले पाणी वर येते. पुढे सावरला खरा, पण २००८ नंतरची काही वर्षे तो आधीच्या चार वर्षांपेक्षा अडीच-पावणेतीन स्वेरड्रुपने कमीच राहिला. मग पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला, की ही घसरण की चढउतार?

तेव्हा मंडळी परत जुन्या नोंदींकडे वळली. रोजकीर्द हातात आल्यामुळे आता त्यांना कुठल्या खोलीवरच्या घनतेचा प्रवाहाशी कसा संबंध आहे हे नेमके कळले होते. विशेषतः पश्चिमेच्या, बहामाच्या बाजूच्या घनतेचा. त्या संबंधाच्या आधारे, जुन्या जहाजांनी तिथे वेगवेगळ्या वेळी मोजलेल्या घनतांवरून, त्यांनी १९८१ पासूनचा प्रवाह पुन्हा मांडला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या हिशेबाने सांगितले की तीस-पस्तीस वर्षांत चढउतार आहेत, सलग घसरण दिसत नाही. २०२४ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली. फ्लोरिडाच्या तारेतल्या विजेवरून पाणी मोजताना पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रच हळूहळू बदलते आहे ही गोष्ट हिशेबात धरलेली नव्हती. म्हणजे काटाच सरकत होता! ती दुरुस्ती केल्यावर फ्लोरिडाचा प्रवाह चाळीस वर्षे स्थिर निघाला, आणि रोजकीर्दीत दिसणारी एकूण घसरण चाळीस टक्क्यांनी कमी भरली.

दुसऱ्या बाजूला वेगळे साक्षीदार आहेत. ग्रीनलंडच्या दक्षिणेला समुद्राचा एक पट्टा असा आहे की सारी पृथ्वी तापत असताना तो मात्र गार राहिला आहे. तिथे उष्ण पाणी कमी पोहोचते असा त्याचा अर्थ लावून काहींनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रवाह पंधरा टक्क्यांनी मंदावल्याचे २०१८ मध्ये सांगितले. हेन्री स्टॉमेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ मध्येच दोन पेट्यांच्या साध्या गणितातून दाखवले होते की असा प्रवाह दोन वेगवेगळ्या स्थितींत स्थिर राहू शकतो, आणि वर गोडे पाणी वाढत गेले तर एका टप्प्यावर तो एकीतून दुसरीत घसरू शकतो. ग्रीनलंडचा बर्फ वितळून आज नेमके गोडे पाणीच वाढते आहे. २०२३ मध्ये दोघा डॅनिश संशोधकांनी तर हा प्रवाह याच शतकाच्या मध्यास कोलमडेल असे गणित मांडले. त्यावर बरेच आक्षेप आले. आंतरराष्ट्रीय हवामान समितीने २०२१ च्या अहवालात म्हटले आहे की या शतकात प्रवाह मंदावणार हे जवळपास नक्की, पण २१०० च्या आत तो एकाएकी कोलमडणार नाही असा मध्यम भरवसा आहे. मध्यम भरवसा! कर्ज मंजूर करताना हा शेरा दिसला असता तर मी जादा तारण मागितले असते.

आणि हे प्रकरण लंडन-ऑस्लोच्या थंडीपुरते नाही. उत्तरेकडे जाणारी उष्णता कमी झाली तर विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, आणि आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊस क्षीण होतो, असे हवामानाची बहुतेक प्रारूपे सांगतात. हिमयुगात उत्तर अटलांटिकमध्ये हिमनग वितळून हा रहाट मंदावला, तेव्हा मोसमी वारे दुबळे झाल्याच्या खुणा अरबी समुद्राच्या तळच्या गाळात सापडलेल्या आहेत. त्या हेडकॅशियरच्या गावातली जूनची शिल्लक अशी बहामाच्या पाण्याच्या वजनाशी जोडलेली आहे.

मला या साऱ्यात एकच गोष्ट डाचते. रोजकीर्द लिहिणाऱ्याला कुठेच मान नसतो. नवी मोहीम, नवे जहाज, नवा सिद्धांत म्हटले की पैसा उभा राहतो. वीस वर्षे तेच काम, त्याच ठिकाणी, त्याच बारकाईने चालू ठेवायचे म्हटले की दर काही वर्षांनी हात पसरावा लागतो. १९५७ नंतरची ती चोवीस वर्षे आता कोणालाही, कितीही पैसे ओतून, परत आणता येणार नाहीत. त्या काळातल्या एखाद्या ऑक्टोबरमध्ये आणि एखाद्या एप्रिलमध्ये कोणी आणखी दोन-तीन वेळा बाटल्या सोडल्या असत्या तर!

माझी २००५ ची डायरी अजून कपाटात आहे. परवा ती काढली. पाच आकडे, पाच साले. पेन्सिल घेऊन प्रत्येकापुढे महिना लिहिला.